परतीच्या खेपेचा प्रश्न : भोर-वेल्ह्याकडील भाड्याचीं वाहनें

भाड्याच्या वाहनाचा विचार करतांना उतारूच्या मनांत सामान्यतः दोनच प्रश्न असतात. गाडी मिळेल कीं नाहीं, आणि मिळाल्यास ती किती पैसे घेईल. गाडी हांकणाराच्या मनांत मात्र तिसरा एक प्रश्न असतो, आणि पहिल्या दोहोंचें उत्तर पुष्कळ वेळां त्यावरच अवलंबून असतें. उतारूस पोंचवून परत येतांना गाडी भरलेली येईल कीं रिकामी? टांग्याच्या काळापासून मोबाईलवरील ॲपच्या काळापर्यंत वाहनें बदललीं, कायदे बदलले, भाडें ठरविण्याच्या रीति बदलल्या. परंतु परतीच्या रिकाम्या खेपेचा खर्च कोणीं सोसावयाचा हा प्रश्न जेथल्या तेथेंच आहे. परवाना घेतलेली टॅक्सी आणि ॲपची गाडी यांच्यांत आज जो वाद चालला आहे, त्याची चर्चा मुंबई-पुण्यासारख्या शहरांच्या अनुरोधानें होत असते. शहरांत हा तिसरा प्रश्न झांकून जातो, कारण एक उतारू उतरला कीं दुसरा पुढच्या चौकांत उभाच असतो. जेथें रस्ता डोंगराशीं संपतो अशा मुलखांत मात्र तो उघडा पडतो. पुणें जिल्ह्यांतील भोर आणि वेल्हें हे दोन तालुके अशा मुलखांपैकीं आहेत.

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यानें कात्रज ओलांडून खेड-शिवापूर मागें टाकलें कीं उजव्या हातास दोन फांटे लागतात. चेलाडीहून नसरापूर, मार्गासनी, विंझर या गांवांवरून एक रस्ता वेल्ह्यास जातो. नसरापुरापासून हें अंतर सुमारें ३० किलोमीटर आहे. दुसरा रस्ता कापूरहोळाहून भोरास जातो. वेल्ह्याच्या माथ्यावर तोरणा उभा आहे आणि जवळच राजगड आहे. भोरच्या पश्चिमेस वरंधा घाट महाडाकडे उतरतो खरा, परंतु पावसाळ्यांत दरडींच्या भयानें तो वारंवार बंद ठेवावा लागतो. आणि वेल्ह्यापलीकडील मढे घाट तर पायींच उतरावयाचा. भोरास आगगाडी कधीं आली नाहीं. भाटघर आणि नीरा-देवघर या धरणांच्या फुगवट्यामुळें डोळ्यांसमोर दिसणारें पैलतीरचें गांव रस्त्यानें मोठा वळसा घेऊन गांठावें लागतें. २०११ च्या जनगणनेप्रमाणें भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारें १ लाख ८६ हजार आणि वेल्हें तालुक्याची सुमारें ५४ हजार होती. वस्ती विरळ, वाड्या दूरदूर, आणि बाजार, कचेरी, कॉलेज, दवाखाना या सर्वांची ओढ एकाच दिशेला. सकाळीं सारा मुलूख हमरस्त्याकडे धांवतो आणि संध्याकाळीं परत फिरतो. उलट दिशेची गर्दी म्हणजे शनिवार-रविवारीं राजगड-तोरण्यास येणारे गिर्यारोहक आणि पौषांत मांढरदेवीस जाणारे यात्रेकरू. अशा ठिकाणीं एका बाजूनें भरलेली गाडी दुसऱ्या बाजूनें रिकामी जावी, हा नियम आहे; अपवाद नव्हे.

वाहन भाड्यानें देण्याच्या मुळांत दोन रीति आहेत. एका रीतींत उतारू सबंध गाडी आपल्यापुरती करतो. दुसरींत तो गाडींतील एक जागा विकत घेतो. लंडन शहरांत पहिल्या रीतीच्या घोडागाड्या इतक्या वाढल्या कीं १६५४ सालीं त्यांच्या संख्येस कायद्यानें मर्यादा घालावी लागली. पुढें आठ वर्षांनीं, १६६२ सालीं, पॅरिसमध्यें दुसऱ्या रीतीचा प्रयोग झाला. प्रसिद्ध गणिती व तत्त्वज्ञ ब्लेझ पास्कल यानें कांहीं सरदारांच्या साह्यानें ठराविक मार्गांवरून धांवणाऱ्या गाड्या सुरू केल्या. एका जागेचें भाडें पांच सू. उतारू थोडे असोत वा मुळींच नसोत, वेळ झाली कीं गाडी सुटावयाची, हें या योजनेचें मर्म होतें. ती योजना फार वर्षें टिकली नाहीं, परंतु तिनें दाखविलेला मार्ग टिकला. सबंध गाडी करण्याच्या रीतींत रिकाम्या परतीचा खर्च ज्यानें गाडी केली त्याच्याकडूनच निघतो. जागा विकण्याच्या रीतींत भरलेल्या खेपा रिकाम्या खेपांना पोसतात. भाड्याच्या वाहनांचे पुढील बहुतेक कायदे ह्याच दोन रीतींभोवतीं उभे राहिले आहेत.

मुंबई इलाख्यांत १८६३ सालीं सार्वजनिक वाहनांचा कायदा झाला, आणि भाड्याच्या गाड्यांना परवाना व ठराविक भाडें यांचें बंधन आलें. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांनीं आपसांत भाव ठरवावा, त्यांत सरकारनें पडूं नये, असें मानण्याचा तो काळ. तरीहि गाडीभाड्याच्या बाबतींत सरकार मध्यें पडलें. याचें कारण साधें आहे. भाजी महाग वाटली तर मनुष्य दुसऱ्या दुकानीं जातो किंवा त्या दिवशीं भाजीवांचून भागवितो. पण रात्रीं मुलाबाळांसह स्टेशनाबाहेर उभा असलेला परगांवचा मनुष्य घासाघीस करण्याच्या स्थितींत नसतो. त्याला रस्ते ठाऊक नसतात, अंतर ठाऊक नसतें, आणि दुसरी गाडी येईल कीं नाहीं हेंहि ठाऊक नसतें. परवान्याची पद्धति निघाली ती अडलेल्या उतारूचा अडलेपणा भाड्यांत वसूल होऊं नये म्हणून. परवान्याच्या बदल्यांत गाडीवाल्यालाहि कांहीं मिळालें. गाड्यांची संख्या मर्यादित राहिली म्हणजे त्याचा धंदा निभावतो. हा जो दुहेरी करार, त्यावरच टॅक्सीची सारी व्यवस्था पुढें उभारली गेली.

भोर व वेल्हें हा मुलूख त्या काळीं इंग्रजांच्या थेट अमलाखालीं नव्हता. पंतसचिवांच्या भोर संस्थानाचा विस्तार ९२५ चौरस मैल होता आणि विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ व सुधागड असे त्याचे पांच तालुके होते. विचित्रगड म्हणजे रोहिडा आणि प्रचंडगड म्हणजे तोरणा, हें ध्यानांत घेतलें असतां आजच्या दोन्ही तालुक्यांचा बराचसा मुलूख या संस्थानांत होता हें दिसून येतें. मार्च २०२४ मध्यें राज्य मंत्रिमंडळानें वेल्हें तालुक्यास राजगड हें नांव देण्यास मान्यता दिली. त्यामुळें संस्थानी काळांतील तालुक्याचें नांव पुनः व्यवहारांत येण्याची वाट मोकळी झाली.

पहिलें महायुद्ध संपल्यावर देशांत मोटारी झपाट्यानें वाढल्या. १९१४ च्या मोटार कायद्यांत नोंदणी, हांकणाराचा परवाना आणि वेग यांविषयीं नियम होते. परंतु कोणत्या मार्गावर किती गाड्या धांवाव्या आणि त्यांनीं काय भाडें घ्यावें याचें बंधन जवळजवळ नव्हतें. कर्ज काढून एक गाडी घ्यावी आणि स्वतःच ती हांकावी, असे मालक ठिकठिकाणीं झाले. ज्या मार्गावर उतारू अधिक त्या मार्गावर सर्वांची झुंबड. एकानें भाडें पाडलें कीं दुसऱ्यानें त्याहून पाडावें. दुरुस्तीवांचून गाडी चालवावी आणि शेवटीं कर्जापायीं ती गमवावी, असा प्रकार चालला. आगगाडीचेंहि उत्पन्न घटूं लागलें. १९३३ सालीं मिचेल आणि कर्कनेस या अधिकाऱ्यांचा रेल्वे व मोटार यांच्या चढाओढीवरील अहवाल प्रसिद्ध झाला, आणि पुढें १९३९ चा मोटार वाहन कायदा आला.

आजच्या वादाची सर्व परिभाषा ह्या कायद्यानें दिलेली आहे. जागेगणिक भाडें घेऊन ठरलेल्या मार्गानें उतारू चढवीत-उतरवीत जाणारी गाडी ती टप्पा वाहन. सबंध गाडी ठरवून घेतली तर ती कंत्राटी वाहन. दोहोंचे परवाने निराळे, आणि ते देण्याचा अधिकार प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडे. यांत एक बारीकशी सवलतहि होती. सहापर्यंत उतारू नेणाऱ्या मोटारीनें प्रत्येकाकडून वेगळें भाडें घेतलें तरी ती कंत्राटी वाहनच समजावी. १९८८ च्या कायद्यानें ती सवलत कायम ठेवली आणि सहाहून अधिक व बारापर्यंत उतारू नेणाऱ्या गाडीला मॅक्सीकॅब हें नांव देऊन तिलाहि कंत्राटी वाहनांत घातलें. मात्र वेगवेगळें भाडें घेण्याची स्पष्ट मुभा लहान मोटारीपुरतीच राहिली. सहा आणि बारा यांमधील ही अडचणीची जागा डोंगरी मुलखांतील जीपगाडीला पुढें नडली.

१९३९ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. संस्थानाच्या वेशीआंत दरबाराचा अंमल. हा दुभंग फार दिवस राहिला नाहीं. ८ मार्च १९४८ रोजीं भोर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि त्याच वर्षीं १ जून रोजीं पुणें ते अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, या मार्गावर सरकारी वाहतुकीची पहिली गाडी सुटली. एस्. टी. या दोन अक्षरांनीं ती महाराष्ट्राच्या घरोघरीं ओळखीची झाली. १९५६ च्या दुरुस्तीनें मार्ग सरकारी वाहतुकीसाठीं राखून ठेवण्याचा अधिकार अधिक बळकट झाला आणि खासगी सर्व्हिस मोटारी हळूहळू मार्गांवरून दूर झाल्या.

रिकाम्या खेपेच्या प्रश्नाला एस्. टी.नें दिलेलें उत्तर पास्कलच्याच जातीचें होतें, पण त्याचा आवांका मोठा होता. एकाच मार्गावरील भरलेली खेप रिकाम्या खेपेला पोसते, इतकेंच नव्हे, तर हमरस्त्यावरील भरलेला मार्ग खोऱ्यांतील रिकाम्या मार्गाला पोसतो. स्वारगेटहून सुटणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाडींतील उतारू आपल्या तिकिटांतून वेल्ह्याच्या मुक्कामी गाडीचा कांहीं भार उचलीत असतो, आणि त्याला त्याची दादहि नसते. मुक्कामी गाडी ही कल्पनाहि याच प्रश्नांतून निघालेली आहे. रात्रीं शेवटचे उतारू पोंचवून गाडी तेथेंच थांबते, आणि सकाळीं पहिले उतारू घेऊन निघते. मधली रिकामी परत खेपच वांचते. खोऱ्यांतील माणसाला शाळा, बाजार आणि कचेरी यांचें वेळापत्रक एस्. टी.च्या फळीवरूनच मिळालें.

परंतु मक्तेदारीच्या पोटीं येणारे दोष याहि व्यवस्थेंत आले. गाडी सकाळीं एक आणि संध्याकाळीं एक. मधल्या वेळीं ज्याला जावयाचें त्यानें काय करावें? त्या रिकाम्या वेळांत जीपगाडी शिरली. पश्चिम महाराष्ट्रांत तिच्या धंद्याला वडाप असें नांव पडलें. कापूरहोळ, नसरापूर, भोर, वेल्हें अशा नाक्यांवर जीपगाड्या उभ्या राहतात. पुढच्या गाडीच्या जागा भरल्यावांचून मागच्या गाडीनें उतारू घ्यावयाचे नाहींत, हा नंबराचा नियम चालक आपसांत पाळतात. वडापवाला वेळापत्रक ठेवीत नाहीं. गाडी भरली कीं ती सुटते. त्याचें उत्तर असें कीं, रिकामी खेप करावयाचीच नाहीं. आणि करावी लागलीच तर जातांना इतकी माणसें कोंबावयाचीं कीं परतीचेंहि भागेल. म्हणजे रिकाम्या खेपेचा खर्च येथें उतारूच्या गुडघ्यांनीं, वेळानें आणि जिवाच्या धोक्यानें भरला जातो. कायद्याच्या दृष्टीनें हा बहुतेक अपराध, कारण जागेगणिक भाडें घेऊन मार्गावर धांवणें हें टप्पा वाहनाचें काम. पण ज्या बाईला आठवड्याच्या बाजारचें सामान घेऊन दुपारीं घरीं परतावयाचें आहे तिला ती सोय वाटते.

हा अनुभव एकट्या महाराष्ट्राचा नाहीं. अमेरिकेंत १९१४ सालीं लॉस एंजिलिस शहरीं खासगी मोटारवाल्यांनीं ट्रामच्या मार्गावर ट्रामच्याच भाड्यांत, म्हणजे पांच सेंटांत, उतारू नेण्यास आरंभ केला. जिटनी या नांवानें तो धंदा वर्षभरांत देशभर पसरला. ट्राम कंपन्यांची तक्रार अशी कीं, हे लोक गर्दीच्या वेळीं गर्दीच्या रस्त्यावरील मलई तेवढी खातात आणि पहांटेची, रात्रीची व दूरच्या वस्तीची रिकामी गाडी आमच्या गळ्यांत बांधतात. थोड्याच वर्षांत नगरपालिकांच्या नियमांनीं जिटनी बहुतेक ठिकाणीं बंद पाडल्या. तक्रार स्वार्थी होती, पण खोटी नव्हती. चेलाडीपासून कात्रजपर्यंतचा भरलेला रस्ता ज्यानें त्यानें वांटून घेतला, तर विंझरच्या पुढची संध्याकाळची गाडी कोणाच्या जिवावर चालावयाची?

सरकारची या बाबतींतील द्विधा वृत्ति २०२१ सालीं स्पष्ट दिसली. त्या वर्षाच्या ऑक्टोबरअखेर एस्. टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. नोव्हेंबर २०२१ मध्यें शासनानें अधिसूचना काढून खासगी व शाळांच्या बसगाड्यांना उतारू नेण्याची मोकळीक दिली. कालपर्यंत जो अपराध होता तो लोकसेवा ठरला. संप मिटल्यावर वारा उलटा फिरला. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एस्. टी.चा प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धें तिकीट लागूं लागलें. ह्या सवलती मोठ्या आहेत. परंतु त्या गाडीबरोबर जातात. ज्या वाडीला गाडीच जात नाहीं तेथील म्हातारीला सवलतीचाहि उपयोग नाहीं, आणि तिला जीपचें पुरें भाडें मोजावें लागतें.

आतां ॲपच्या गाडीकडे वळावें. ओला ही कंपनी डिसेंबर २०१० मध्यें मुंबईत सुरू झाली. उबर ही २००९ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें निघाली आणि २०१३ सालीं बंगळूरच्या मार्गानें हिंदुस्थानांत आली. यांनीं गाड्या विकत घेतल्या नाहींत. गाडीवाला आणि उतारू यांची गांठ घालून देणारें जाळें तेवढें उभें केलें. स्टँडवर उभें राहण्याची गरज संपली, गाडी कोठें आहे हें उतारूस दिसूं लागलें, भाडें आधीं कळूं लागलें. १८६३ च्या कायद्यानें ज्या अडलेल्या उतारूची काळजी केली होती, त्याचें अज्ञान या यंत्रानें पुष्कळसें दूर केलें, हें मान्य केलें पाहिजे. पण त्याचें अडलेपण दूर झालें नाहीं. पाऊस लागला, गर्दी झाली, कीं भाडें चढतें. आणि तें चढविणारा मनुष्य समोर नसल्यामुळें त्याच्याशीं दोन शब्द बोलण्याचीहि सोय राहत नाहीं.

कायद्यानें या नव्या मध्यस्थाला गांठण्याचा प्रयत्न टप्प्याटप्प्यानें केला. महाराष्ट्रानें मार्च २०१७ मध्यें शहर टॅक्सी नियम प्रसिद्ध केले. २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत ॲग्रिगेटर हा शब्द आला. नोव्हेंबर २०२० मध्यें केंद्र सरकारनें मार्गदर्शक तत्त्वें काढलीं. गर्दीच्या वेळीं मूळ भाड्याच्या दीडपटीहून अधिक घेऊं नये, भाड्याचा निदान ८० टक्के भाग चालकास मिळावा, चालकानें दिवसांत १२ तासांहून अधिक काम करूं नये, असे नियम त्यांत होते. जुलै २०२५ च्या सुधारित तत्त्वांत गर्दीच्या भाड्याची मर्यादा दुपटीपर्यंत वाढविण्यांत आली. दरम्यान ७ मार्च २०२२ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें परवान्यावांचून चालणाऱ्या कंपन्यांना त्या महिन्याच्या १६ तारखेपर्यंत परवान्यासाठीं अर्ज करण्यास सांगितलें. मार्च २०२४ मध्यें पुण्याच्या प्रादेशिक परिवहन प्राधिकरणानें ओला व उबर यांचे चारचाकी गाड्यांसंबंधींचे अर्ज नाकारले. तरी गाड्या रस्त्यावर राहिल्याच.

पुण्यांतील एक घटना येथें विशेष बोधप्रद आहे. प्राधिकरणानें टॅक्सीचें भाडें पहिल्या दीड किलोमीटरास ३७ रुपये आणि त्यापुढें किलोमीटरास २५ रुपये असें ठरविलें होतें. फेब्रुवारी २०२४ मध्यें ॲपच्या गाड्या हांकणाऱ्या चालकांनींच, हें सरकारी भाडें आम्हांस लागू करा, या मागणीसाठीं संप केला. परवानाधारक एका बाजूस आणि ॲपवाले दुसऱ्या बाजूस, अशी जी रेषा आंखली जाते ती किती कच्ची आहे हें यावरून दिसतें. गाडीचा हप्ता ज्याच्या डोक्यावर आहे तो मनुष्य, कोणत्याहि नांवाच्या गाडींत बसला तरी, ठरलेल्या भाड्याचाच आधार शोधतो.

त्या मनुष्याचा हिशेब वेल्ह्याच्या रस्त्यावर मांडून पाहावा. पुण्याहून वेल्हें ६० किलोमीटर धरलें आणि किलोमीटरास २५ रुपये हा दर उदाहरणादाखल घेतला, तर एका खेपेचे १,५०० रुपये होतात. परत येतांना उतारू मिळाला नाहीं तर गाडी १२० किलोमीटर चालली, आणि किलोमीटरामागें हातीं पडले साडेबारा रुपये. त्यांतून पेट्रोल, हप्ता आणि कंपनीचा वांटा. २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत रिकाम्या अंतराचा उल्लेख आहे. त्याची भरपाई म्हणून किमान तीन किलोमीटरांचें मूळ भाडें घ्यावें अशी तरतूद आहे. शहरांत तीन किलोमीटर पुरेसे असतील. वेल्ह्याहून रिकामें परतावयाचे साठ असतात. म्हणून चालक एक तर त्या बाजूचें भाडें टाळतो, किंवा दोन्ही बाजूंचे पैसे तोंडीं मागतो, आणि मग १८६३ पूर्वींची घासाघीस पुनः सुरू होते. तेच १,५०० रुपये चौघांत वांटले तर प्रत्येकीं ३७५ होतात, बाराजणांत वांटले तर १२५. जीपवाला अडाणी म्हणून बारा माणसें भरीत नाहीं. ह्या मुलखाचें गणितच तसें आहे.

ॲपचें जाळें उतारूंच्या दाटीवर जगतें. दाट वस्तींत एकाची परत ही दुसऱ्याची जाण्याची खेप होते. विरळ वस्तींत तें साधत नाहीं, आणि नियमहि शहराकडेच पाहून केलेले असतात. एप्रिल २०२५ मध्यें राज्य मंत्रिमंडळानें विजेवर चालणाऱ्या बाईक टॅक्सींना मान्यता दिली, ती एक लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांपुरती. भोर शहराची वस्ती २०११ मध्यें सुमारें १८ हजार होती. त्याच बाईक टॅक्सीवरून पुण्याच्या रिक्षावाल्यांनीं नोव्हेंबर २०२२ मध्यें कडकडीत बंद पाळला होता. शहरांत भांडण उतारूसाठीं होतें, कारण तेथें उतारू पुरून उरतो. खोऱ्यांत गाड्यांचें आपसांत फारसें भांडण नाहीं, एस्. टी., वडाप, ओळखीच्या जीपवाल्याचा टेलिफोन आणि क्वचित् पुण्याहून आलेली ॲपची गाडी, हीं सर्व एकमेकांच्या उणीवा भरीत नांदतात. तें नांदणें गुण्यागोविंदाचें दिसलें तरी त्यांत एक मोठें भगदाड आहे. तें रात्रीचें आहे.

अत्यवस्थ रोग्यासाठीं २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. पण ज्याला ताप आहे, पण तो अत्यवस्थ नाहीं. ज्या मुलीची पुण्यांतील परीक्षा संध्याकाळीं सुटली आणि चेलाडीला उतरेपर्यंत शेवटची गाडी गेली. जो कामगार शिरवळच्या कारखान्यांतून रात्रपाळी करून सुटला, त्यांच्यासाठीं मध्यरात्रीं कोणतीच व्यवस्था बांधलेली नाहीं. एस्. टी.ची वेळ संपलेली, वडापची गाडी भरत नाहीं, ॲपच्या गाडीला परतीचें भाडें नाहीं. तिघांचींहि कारणें खरीं आहेत. तिन्ही खऱ्या कारणांची बेरीज मात्र त्या मुलीला रस्त्यावर उभी करते.

म्हणून परवाना हवा कीं मोकळीक हवी, असा प्रश्न विचारण्यांत फारसा अर्थ नाहीं. इतिहास असें सांगतो कीं, परवाना हा नेहमींच देवघेवीचा करार होता. धंदा राखून देण्याच्या बदल्यांत सरकार अडलेल्या उतारूची हमी मागत आलें. आज ॲपच्या कंपन्यांकडून पैसे, कागदपत्रें आणि चालकाची तपासणी मागितली जाते; हें सर्व रास्त आहे. परंतु पुणें जिल्ह्याचा धंदा ज्याला हवा त्यानें जिल्ह्याच्या टोंकाचाहि कांहीं भार उचलावा, अशी अट त्यांत असावयास हरकत नाहीं. सहा उतारूंच्या मोटारीनें वेगवेगळें भाडें घेण्याची मुभा कायद्यांत १९३९ पासून आहेच. चेलाडीच्या फांट्यावर रात्रीं एकाच दिशेला जाणाऱ्या पांच अनोळखी माणसांची गांठ घालून देणें हें कोणत्याहि नंबर लावणाऱ्या जीपवाल्यापेक्षां मोबाईलला अधिक सहज जमण्यासारखें आहे. नाक्यावरील परवानाधारक चालकाला ती सोय जोडून दिली, रात्रीच्या खेपेचें दोन्ही बाजूंचें भाडें उघडपणें ठरवून दिलें, आणि उतारूंनीं भरून निघणार नाहीं तेवढा भाग एस्. टी.च्या सवलतीप्रमाणें सरकारनें सोसला, तर टॅक्सी आणि ॲप यांना एकमेकांचे वैरी मानण्याचें कारण उरणार नाहीं.

मात्र एक सावधगिरी राखली पाहिजे. जागा विकण्याची मोकळीक हमरस्त्याच्या भरल्या तुकड्यावर आधीं देऊन टाकली आणि खोऱ्याचा विचार मागाहून ठेवला, तर एस्. टी.ची मुक्कामी गाडी प्रथम बुडेल, आणि तिच्या जागीं येणारा कोणीहि मुक्कामास राहणार नाहीं. परतीच्या खेपेचा खर्च कोणाला तरी भरावाच लागतो. तो उतारूनें भरावा, चालकानें भरावा, कीं सर्वांनीं मिळून भरावा, हें ठरविणें हाच वाहतुकीच्या कायद्याचा पहिला विषय आहे. तो न ठरवितां सोडून दिला, तर तो खर्च भरण्याची पाळी रात्रीं फांट्यावर शेवटीं उरलेल्या मनुष्यावर येते, आणि त्याला तो पायींच भरावा लागतो.